आधी तंबोरा जुळू द्या

२७ ऑक्टोबर १९३७. मद्रासहून पाँडिचेरीकडे निघालेल्या गाडीत, पासष्टीच्या उंबरठ्यावर असलेल्या एका गवयाच्या छातीत दुखू लागले. वाटेत सिंगपेरुमाळ कोईल नावाचे लहानसे स्टेशन लागले, तिथे सोबतच्या माणसांनी त्यांना उतरवून घेतले आणि फलाटावरच बिछाना अंथरला. आपली वेळ आली आहे हे त्यांना कळून चुकले होते. त्यांनी तंबोरा मागितला. तो जुळवून घेतला. मग दरबारी कानड्याच्या सुरांत कलमा म्हणत त्यांनी डोळे मिटले. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या अखेरीची ही हकीकत त्यांच्या शिष्यपरिवाराने पिढ्यान्‌पिढ्या सांगितली आहे. ती ऐकताना दरवेळी मन एकाच शब्दापाशी अडते. तंबोरा ‘जुळवून घेतला’. छातीत कळा येत होत्या, गाव परके होते, वेळ हातातून निसटत होती. तरी बेसूर तंबोऱ्यावर गळा सोडायचा नाही, हा आयुष्यभराचा नेम त्या फलाटावरही मोडला नाही.

खाँसाहेबांचा देह मिरजेला आणला गेला. ख्वाजा शमना मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. सांगलीच्या विश्रामबागेतून मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्याने निघाले, तर विलिंग्डन महाविद्यालयाचा परिसर मागे पडल्यावर थोड्याच वेळात आपण त्या दर्ग्यापाशी पोचतो. सांगलीहून मिरजेला आणि मिरजेहून सांगलीला रोज हजारो माणसे कामाधंद्याला, कॉलेजला, दवाखान्याला जातात. ज्या सुराने शंभर वर्षे हिंदुस्थानी गायकीला वळण लावले तो सूर या रस्त्याच्या टोकाला विसावला आहे, याची आठवण त्यांतल्या किती जणांना असते? आज त्यांच्या पुण्यतिथीच्या निमित्ताने ही आठवण जागी करावी, आणि आठवणीबरोबर येणारी जबाबदारीही बोलून दाखवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तरेतल्या कैराना गावचे. जन्म ११ नोव्हेंबर १८७२. घरात पिढीजात गाणे-बजावणे. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडून त्यांना तालीम मिळाली. गळ्याबरोबर सारंगी आणि बीन यांवरही त्यांचा हात होता. तारेवर बोट ठेवून सूर शोधणाऱ्याला सुराची जागा कानांनी तर कळतेच, शिवाय ती बोटाला जाणवते. अर्धा केस इकडे सरकले तर काय बिघडते आणि तिकडे सरकले तर काय उघडते, याचा हिशेब त्याच्या अंगात मुरलेला असतो. खाँसाहेबांच्या गाण्यात जी बारीक, टोकदार आणि तरीही रेशमी सुरेलता आहे, तिचे मूळ या तंतुवाद्यांच्या संगतीत असले पाहिजे, असे आम्हाला वाटते. प्रवासात वाद्यदुरुस्तीची हत्यारे ते जवळ बाळगत आणि तंबोऱ्याची जवारी स्वतः काढत. गवई आणि कारागीर अशा दोन वेगळ्या जाती त्यांनी मनात मानल्याच नाहीत.

तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारी गवई झाले. तिथेच सरदार घराण्यातल्या ताराबाई माने यांच्याशी त्यांचे सूर जुळले. त्या काळात असा विवाह पचवणे कोणत्याच समाजाला सोपे नव्हते. दोघांनी बडोदे सोडले, मुंबई गाठली आणि पुढे मिरजेत बिऱ्हाड केले. मिरजेशी त्यांचा संबंध जडला तो आजारपणातून, असे सांगतात. मिरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांनी सेवा म्हणून गाणे म्हटले, प्रकृतीला उतार पडला, आणि मग दरवर्षी उरुसाला इथे येऊन गायचे हा त्यांचा रिवाज झाला. आजही उरुसात त्यांच्या नावाने संगीत सभा भरते. चिंचेच्या झाडाखाली, कबरीजवळ बसून देशभरातले कलावंत हजेरी लावतात. इथे गाण्याला ‘कार्यक्रम’ म्हणत नाहीत. ‘हजेरी’ म्हणतात, ‘सेवा’ म्हणतात. याच उरुसात कबरीवर चढवायचा पहिला गलेफ, म्हणजे चादर, चर्मकार समाजाचा असतो. अशा दर्ग्यात खाँसाहेब विसावले आहेत, हे त्यांच्या आयुष्याला शोभणारेच आहे.

मिरज हे गावच तसे. माणसे इथे बरी व्हायला येत आणि गाणे घेऊन जात. विष्णु दिगंबर पलुस्कर डोळ्यांच्या इलाजासाठी मिरजेत आले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या पायाशी बसले. १८९४ साली डॉ. विल्यम वान्लेस यांनी इथे इस्पितळ उभे केले आणि मिरजेचे नाव वैद्यकात दूरवर पोचले. पटवर्धन संस्थानिकांनी गवयांना आणि कारागिरांना आधार दिला. औषध, गाणे आणि वाद्य अशा तिन्ही गोष्टी एकाच गावाच्या गल्ल्यांतून नांदल्या. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा आणि किराण्याची, म्हणजे कैरान्याच्या घराण्याची, गायकी दक्षिणेपर्यंत नेणारे अब्दुल करीम खाँ, दोघांचाही मुक्काम या गावात पडला, तो उगाच नव्हे.

खाँसाहेबांचे पहिले मोठे काम म्हणजे त्यांनी गाण्याची दारे उघडली. दरबाराचा गवई दरबारापुरता असे. घराण्याची चीज घराण्यापुरती असे. खाँसाहेबांनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. तिथे शिष्य घरातल्या मुलांसारखे राहत, शिकत. विद्यार्थ्यांचे जाहीर जलसे होत आणि तिकीट काढून आलेला सामान्य माणूस ते ऐकत असे. संस्थानिकाच्या मर्जीवर जगणारी कला चार आण्यांच्या, आठ आण्यांच्या श्रोत्याच्या विश्वासावर उभी करणे सोपे नसते. त्यात पैशाची ओढाताण होती, कष्ट होते, निराशाही होती. पण एकदा ही वाट पडल्यावर तिच्यावरून पुढे किती जण चालत गेले, हे आपण पाहिलेच आहे.

दुसरे काम ध्वनिमुद्रिकांचे. ग्रामोफोन नवा होता तेव्हा पुष्कळ थोर गवयांना त्याचा धाक वाटे. आपली विद्या मेणाच्या तबकडीत अडकेल, कोणीही चोरील, गल्लीबोळात वाजेल आणि तिची किंमत उतरेल, ही भीती होती. खाँसाहेबांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच आवाज मुद्रित करू दिला. पुढे १९३०च्या दशकात ओडियन कंपनीसाठी त्यांनी ज्या तबकड्या दिल्या, त्यांनी घराघरांत त्यांचे नाव पोचवले. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे. तासभर फुलवायचा राग एवढ्याशा जागेत मांडायचा. यमन, बसंत, शुद्ध कल्याण, अभोगी अशा रागांचे सारे मर्म काढून त्यांनी त्या मिनिटांत ठेवले. भैरवीतली आणि झिंझोटीतली ठुमरी तर इतकी वाजली, की राग म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या माणसालाही ती पाठ झाली.

त्यांतली झिंझोटी आज पुन्हा ऐकून पाहावी. तबकडीची खरखर आधी ऐकू येते, मग तिच्या आतून तंबोरा, आणि तंबोऱ्याच्या आतूनच निघाल्यासारखा तो बारीक, उंच आवाज. आवाज कुठे संपतो आणि तार कुठे सुरू होते, ते कळत नाही. शमसुद्दीन खाँ यांचा तबला अदबीने मागे आहे. शब्द थोडे. विरहाची एकच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि दरवेळी तिच्यातले दुःख नव्या बाजूने दिसते. जोर नाही, गर्जना नाही, तयारीचे प्रदर्शन तर मुळीच नाही. सूर जिथे लावायचा तिथे लावला आणि तो निवेपर्यंत थांबले, बस. गदगच्या बाजारात एका दुकानात ही तबकडी एका लहान मुलाने ऐकली आणि असे गाणे मला यायला हवे, या एका ध्यासाने तो घर सोडून पळाला. त्या मुलाचे नाव भीमसेन जोशी. पुढे त्यांना भारतरत्न जाहीर झाले ते २००८ साली. तीन मिनिटांच्या तबकडीने केवढे काम केले!

ही गोष्ट एकट्या आपल्या देशाची नाही. त्याच सुमाराला आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, आजच्या घाना देशात, क्वामे असारे नावाचा एक तरुण गिटार वाजवत होता. गिटार तिथे परकी, जहाजांवरून आलेली. क्रू समाजाच्या खलाशांनी तिच्यावर अंगठा आणि एका बोटाने वाजवायची नवी ढब बसवली होती आणि असारे अशाच एका खलाशाकडे शिकला. १९२८ साली तो आपल्या दोन साथीदारांसह लंडनला गेला आणि कुमासी ट्रिओ या नावाने त्यांनी झोनोफोन कंपनीसाठी आपल्या फांटी भाषेतली गाणी मुद्रित केली. त्यांतल्या ‘याआ आम्पोन्सा’ या गाण्यावर पुढे हायलाइफ नावाची सबंध लोकप्रिय संगीतशैली उभी राहिली. ताडीच्या गुत्त्यात आणि बंदरावर वाजणारी धून तबकडीवर चढली आणि सबंध किनाऱ्याची झाली. मिरजेचे खाँसाहेब आणि कुमासीचे असारे एकमेकांना कधी भेटले नाहीत, त्यांच्या विद्येची जात आणि खोलीही वेगळी. पण दोघांनीही तार हातात घेतली, नव्या यंत्राला भ्याले नाहीत, आणि आपल्या मातीचा सूर अनोळखी माणसाच्या घरापर्यंत पोचवला. लोकांपर्यंत जाण्यासाठी आपले गाणे पातळ करावे लागते, हा समज दोघांच्याही तबकड्यांनी खोटा ठरवला.

खाँसाहेबांचे तिसरे काम, आणि आमच्या मते सर्वांत धाडसाचे, म्हणजे उत्तर आणि दक्षिण यांच्यामधली भिंत त्यांनी ओलांडली. म्हैसूरच्या दसऱ्याला ते जात. दरबाराने त्यांना ‘संगीतरत्न’ म्हणून गौरवले. जाता-येता धारवाडला मुक्काम होई. तिथे गंगूबाई हनगल यांच्या आई अंबाबाई कर्नाटक संगीत गात, आणि खाँसाहेब ते ऐकायला त्यांच्या घरी जात, अशी आठवण गंगूबाईंनी सांगितली आहे. एवढा नामांकित उस्ताद, पण दुसऱ्या पद्धतीचे गाणे ऐकायला घराच्या ओसरीवर जाऊन बसायला त्याला कमीपणा वाटला नाही. त्यांच्या सरगमीवर कर्नाटक पद्धतीचा संस्कार झाला. अभोगीसारखे दक्षिणेचे राग त्यांनी आपलेसे केले. त्यागराजांची कृती त्यांनी मुद्रित केली. उलट, मराठी श्रोत्यासाठी ‘संगीत मानापमान’मधले ‘चंद्रिका ही जणू’ हे पदही तबकडीवर गायिले. कैरान्यात जन्मलेला, उर्दू बोलणारा, मिरजेत राहणारा, तेलुगू कृती आणि मराठी पद सारख्याच मायेने गाणारा हा माणूस. आज भाषेवरून आणि धर्मावरून माणसे एकमेकांकडे संशयाने पाहतात, तेव्हा हे आयुष्य कोणत्याही व्याख्यानापेक्षा जास्त शिकवून जाते.

आणि आपल्या सांगलीचा त्यांच्याशी आणखी एक धागा आहे, तो फारसा बोलला जात नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांना श्रुतींचा ध्यास होता. भरतमुनींनी सांगितलेल्या बावीस श्रुती नेमक्या कुठे बसतात, हे तारेची लांबी मोजून ठरवण्याचा त्यांनी प्रयत्न केला आणि १९१० साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. मोजमापासाठी खात्रीचा गळा हवा होता. तो खाँसाहेबांनी दिला. ई. क्लेमेंट्स या इंग्रज सनदी अधिकाऱ्यानेही या कामात रस घेतला. त्यातून श्रुतींची पेटी तयार झाली आणि १९१६ सालच्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली. पंडित भातखंड्यांसारख्यांना ही मांडणी पटली नाही, मोठा वाद झाला. वादात कोण बरोबर, हा आजचा मुद्दा नाही. बहुतेक गवई आपली विद्या झाकून ठेवत, त्या काळात एका उस्तादाने कागद-पट्टी घेऊन बसलेल्या निवृत्त अधिकाऱ्यासमोर आपला गळा तपासायला दिला, याचे महत्त्व मोठे आहे. आपण गातो ते खरे की नाही हे पडताळून पाहण्याची त्यांची तयारी होती.

या आयुष्याला दुःखाची बाजूही होती आणि ती झाकून ठेवली तर आदरांजली अपुरी राहील. ताराबाई पुढे मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. मुलांची नावे बदलली. अब्दुल रेहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीची हिराबाई बडोदेकर झाली, सकीनाची सरस्वती राणे झाली. वडील हयात असताना मुले दुसऱ्या नावाने मैफली गाजवत होती. घर तुटले. त्याचा दोष कोणाला द्यावा, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण एक गोष्ट डोळ्यांत भरते: नावे बदलली, तरी सूर बदलला नाही. १९०५ साली मिरजेत जन्मलेल्या हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफल करणारी पहिली गायिका म्हणून वाट पाडली. गाणाऱ्या बाईकडे समाज ज्या नजरेने पाहत असे, ती नजर त्यांच्या साध्या, सोज्वळ बैठकीने बदलली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्लीत वंदे मातरम् गाण्याचा मान त्यांना मिळाला. सुरेशबाबूंनी प्रभा अत्रे यांच्यासारखी शिष्या घडवली. एकट्या आईने वाढवलेल्या या भावंडांनी वडिलांचेच गाणे आपापल्या परीने पुढे नेले.

शिष्यांची परंपरा तर दूरवर पसरली. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, हे त्यांचे पट्टशिष्य. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरींनी गुरूचे चरित्र लिहून ठेवले म्हणून आज आपल्याला पुष्कळ गोष्टी कळतात. रोशनआरा बेगम यांनी त्यांचे गाणे पुढे पाकिस्तानात नेले. सवाई गंधर्वांकडून गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर, भीमसेन जोशी असे तीन वेगवेगळ्या प्रकृतीचे गायक निघाले. पुण्यात सवाई गंधर्वांच्या नावाने १९५३ साली सुरू झालेल्या महोत्सवात आज हजारो श्रोते थंडीत बसून गाणे ऐकतात. त्या मंडपात जो सूर घुमतो, त्याची एक मुळी मिरजेच्या चिंचेखाली आहे.

आता त्या मुळीला पाणी घालण्याबद्दल.

खाँसाहेबांच्या सुराचा निम्मा वाटा तंबोऱ्याचा होता, आणि तंबोरा म्हटले की मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथल्या शिकलगार समाजातल्या फरीदसाहेबांनी वाद्य बनवायला घेतले. हत्यारांना धार लावणारे हात. इंग्रजी अमलात तलवारींचे काम आटले, तेव्हा तेच हात दांडी आणि भोपळ्याकडे वळले. सतारमेकर हे आडनावच झाले. पंढरपूर, मंगळवेढ्याकडचा कडू भोपळा आणायचा, तो वाळवायचा, वरून कापून आत साफ करायचा, तून लाकडाची दांडी जोडायची, वर तबली बसवायची, आता हस्तिदंताची जागा घेतलेल्या पांढऱ्या पट्टीवर नक्षी कोरायची, पॉलिश करायचे. पुरुषांच्या पट्टीसाठी मोठा, बायकांच्या पट्टीसाठी लहान. असा एक तंबोरा सजून उभा राहायला आठवडे लागतात.

पण खरे काम त्यानंतरचे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एखाद्या दुकानात थोडा वेळ बसून पाहा. कारागीर घोडीवर तारा चढवतो. घोडी वरून सपाट दिसते, पण तिला अगदी किंचित उतार असतो. कानस एक-दोनदा फिरवायची, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा तार बाजूला करून कानस. याला जवारी काढणे म्हणतात. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा. दोरा एका जागी आला, की आतापर्यंत मुकी असलेली तार एकदम बोलू लागते. टणत्कार जातो आणि मधमाशांचे पोळे जागे व्हावे तसा झंकार उठतो. कारागिराचा चेहरा तेव्हा पाहावा. तो मान हलवतो, बोलत काही नाही. कोणत्याही मोजपट्टीवर न दिसणारी ती जागा त्याला कानांनी सापडलेली असते.

त्या झंकारात काय असते? चारी तारा नीट लागल्या आणि खर्जाची तार हळुवार छेडली, की तिच्या पोटातून एक सूर निघतो जो आपण लावलेलाच नसतो. तो गांधार. संगीतकार त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. सर सी. व्ही. रामन यांनी १९२०च्या दशकाच्या आरंभी आपल्या तंतुवाद्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना दिसले की पाश्चात्त्य वाद्यांना लागू पडणारा एक जुना नियम तंबोऱ्यावर लागू पडत नाही. तार जिथे छेडावी, तिथले उपस्वर निघू नयेत, असा तो नियम. तंबोऱ्यात मात्र ते निघतात, कारण तार घोडीच्या वक्र पाठीला घासत घासत कंप पावते. रामन यांना प्रयोगातून जे कळले ते शिकलगारांच्या बोटांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. आणि खाँसाहेब ज्या सुरावर गळा ठेवत, तो हाच आपोआप उमटणारा सूर.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. आता मिरजेचे नाव दुसऱ्या कोणाला लावता येणार नाही. पण मानांकनाने गिऱ्हाईक येत नाही आणि पोरगे शिकायला बसत नाही. गुणी कारागिराच्या घरातला मुलगा आज दुसऱ्या नोकरीची वाट धरतो, कारण एका वाद्यावर आठवडे घालवून हातात काय राहते याचा हिशेब त्याने लहानपणापासून पाहिलेला असतो. त्यात आता इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि मोबाइलमधले तंबोरे आले. त्यांना आम्ही नावे ठेवणार नाही. दोन खोल्यांच्या घरात शिकणाऱ्या मुलीला, रोज प्रवास करणाऱ्या शिक्षकाला त्यांचा मोठा आधार आहे. पण बटण दाबले की लागणाऱ्या तंबोऱ्यात एक गोष्ट राहून जाते. खुंटी पिळणे, मणी वर-खाली करणे, जोडाच्या दोन तारा एक होईपर्यंत ऐकत बसणे. त्या दहा-पंधरा मिनिटांत शिष्याचा कान घडतो. गाणे सुरू होण्याआधीच अर्धे शिक्षण होऊन गेलेले असते. खाँसाहेबांना विचारले असते, तर त्यांनी बहुधा एवढेच सांगितले असते, की गाऊ नंतर, आधी तंबोरा जुळू द्या.

म्हणून आमचे मागणे साधे आहे आणि ते दूरच्या कोणाकडे नाही. सांगली, विश्रामबाग आणि मिरज या पट्ट्यात इतक्या शाळा, इतकी महाविद्यालये आहेत. प्रत्येक ठिकाणी मिरजेतल्या कारागिराच्या हातची एक तंबोऱ्याची जोडी असावी. ती काचेच्या कपाटात ठेवायची नाही. आठवड्यातून एकदा मुलांनी ती जुळवावी, आणि सहा महिन्यांनी जवारी काढायला कारागिराला सन्मानाने बोलवावे. त्या दिवशी मुलांनी त्याच्याभोवती बसून पाहावे. एका जोडीचा खर्च वार्षिक स्नेहसंमेलनाच्या ध्वनिक्षेपकांच्या भाड्यापुढे फार नाही. शंभर शाळांनी असे केले, तर गल्लीतल्या दुकानात पुन्हा एखादा मुलगा कानस हातात घेईल. अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलांनी तर या घोडीचा, त्या दोऱ्याचा आणि त्या उपस्वरांचा अभ्यास आवर्जून करावा. देवलांनी शंभर वर्षांपूर्वी याच भागात तारा मोजल्या. त्यांच्यापेक्षा चांगली साधने आज आपल्या प्रयोगशाळांत आहेत.

दुसरे मागणे प्रत्येक वाचकाकडे. आज रात्री घरातले आवाज जरा कमी करावेत आणि खाँसाहेबांची एखादी तबकडी ऐकावी. आता ती शोधायला कुठे जावे लागत नाही. तीनच मिनिटे. घरात नातवंडे असतील तर त्यांनाही बसवावे. समजले की नाही, हे विचारू नये. गदगच्या त्या मुलालाही कोणी विचारले नव्हते.

कधी वेळ मिळाला तर दर्ग्यात जाऊन यावे. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात आणि उरुसात मिरासाहेबांच्या आवारात, दोन्हीकडे तीच मिरज गाणे ऐकायला लोटते. कबरीजवळ उभे राहिले की गावाचा गलका कानावर येत राहतो. रिक्षांचे हॉर्न, फेरीवाल्यांच्या हाका. त्या गलक्यातही एखादे दिवशी कोणी गायला बसलेले असते. गाणे अजून सुरू झालेले नसते. एक शिष्य मान खाली घालून, तंबोऱ्याला कान लावून, खुंटी हळूच पिळत असतो. समोरचे लोक घाई करत नाहीत.